कुत्रं आडवं आलं!

बालमित्रांनो, एक गंमत करून बघा. गाडीवरून पडलेल्या कोणालाही विचारा, "काय हो, कसे पडलात?" उत्तरं साधारण ठरलेली असतात. "कुत्रं आडवं आलं." "रस्त्यावर वाळू होती." "रिक्षावाल्यानं हातच दाखवला नाही." "काय सांगू, गाडीच घसरली!" म्हणजे कुत्रं, वाळू, रिक्षावाला आणि गाडी या सगळ्यांनी मिळून कट केला आणि चालवणारा बिचारा त्यात सापडला!

ही उत्तरं खोटीच असतात असं नाही हं. वाळू खरंच असते, कुत्रंही असतं. पण त्या उत्तरांतून शिकायला काही मिळत नाही. वाळू उद्याही असणार. कुत्री तर असणारच. मग उद्या पुन्हा पडायचं का?

तुम्ही म्हणाल, "पण आम्ही कुठे मोटारसायकल चालवतो?" नाहीच चालवत, आणि चालवायचीही नाही. पण तुमचा दादा, ताई, मामा किंवा काका गाडी शिकत असतील. तुम्ही त्यांच्या मागे बसत असाल. शिवाय सायकल तर तुमचीच आहे! दोन चाकांचे नियम सायकलला आणि मोटारसायकलला बरेचसे सारखेच लागू होतात. म्हणून आज आपण एका पडण्याची गोष्ट बघू या, आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचू या.

दादाची अकरा दिवसांची गाडी

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचा दादाही आमच्याच शाळेत शिकून पुढे गेलेला. त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली, शिकाऊ परवाना निघाला आणि वडिलांनी त्याला एक जुनी १०० सीसीची मोटारसायकल घेऊन दिली. दहा दिवस दादा गावात मोठ्या रुबाबात फिरला. अकराव्या दिवशी सकाळी मोसमातला पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. बहिणीला शाळेला उशीर होत होता. दादानं तिला मागे बसवलं आणि निघाला. पायात स्लिपर. हेल्मेट घरी खुंटीला.

वाटेत ओढ्यावर एक मोरी आहे. मोरीच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळतो. त्या वळणावर गाडी घसरली आणि दोघंही फरफटत गेली. दादाच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली आणि खांद्यापुढचं हाड मोडलं. डॉक्टर त्याला कॉलरबोन म्हणतात. पडताना आपण हात पुढे टेकतो ना, तेव्हा सगळा धक्का हातातून वर जातो आणि हे हाड मोडतं. बहिणीच्या हनुवटीला तीन टाके पडले. ती जिथे जाऊन थांबली, तिथून किलोमीटरचा दगड हातभर अंतरावर होता. तिच्या डोक्यावरही हेल्मेट नव्हतं.

दादाला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाला तो सांगायचा, "कुत्रं आडवं आलं." मी भेटायला गेले तेव्हा मलाही त्यानं तेच सांगितलं. तेवढ्यात हनुवटीला पट्टी लावलेली आमची विद्यार्थिनी कोपऱ्यातून म्हणाली,

"बाई, कुत्रं आडवं नव्हतं आलं. ते मोरीवर बसलं होतं."

"गप गं!" आई म्हणाली. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. दादानं मान खाली घातली.

आठवड्यानं हात गळ्यात अडकवून तो शाळेत आला. मुलं सुटल्यावर हळूच म्हणाला, "बाई, ती खरं बोलली. कुत्रं बसलेलंच होतं. पण मग मी पडलो कसा?"

मुलांनो, हा प्रश्न मला फार आवडला. "कुत्रं आडवं आलं" म्हटलं की गोष्ट संपते. "मी पडलो कसा?" म्हटलं की ती सुरू होते.

टेप, वही आणि एक ओरखडा

रविवारी आम्ही तिघं त्या वळणावर गेलो. दादा, त्याचे वडील आणि मी. बरोबर शाळेचा खेळाच्या तासाचा लांब टेप आणि एक वही. गाडी आडवी पडली तेव्हा फूटरेस्टनं डांबरावर एक लांब ओरखडा ओढला होता. तो जिथे सुरू होत होता, तिथून मोरी चक्क २२ मीटर पुढे होती! म्हणजे दादा पडला तेव्हा कुत्रं निवांत बसलेलं होतं, आणि तेही २२ मीटर लांब.

वहीत रस्त्याचा नकाशा काढला. वळण, मोरी, कुत्रं, ओरखडा. मग दादाला म्हटलं, "आता पडलास तिथून एकेक पायरी मागे जा."

पायरी पहिली: ब्रेक. "पडायच्या आधी काय केलंस?" "दोन्ही ब्रेक एकदम करकचून दाबले." गाडी कुठे होती? वळणावर, डावीकडे कललेली. इथंच चाक निसटलं.

हे समजायला भाकरी आठवा. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. तेवढ्या जागेवर जी पकड मिळते, ती म्हणजे आपली एक भाकरी. गाडी वळवायला त्यातला तुकडा लागतो आणि थांबवायलाही लागतो. सरळ रस्त्यावर जवळजवळ अख्खी भाकरी ब्रेकला मिळते. वळणावर अर्धी आधीच खाऊन झालेली असते. अशा वेळी ब्रेकनं अख्खी मागितली तर कुठून आणायची? चाक घसरतं! त्यात रस्ता ओला असेल तर भाकरीच लहान असते. म्हणून जाणकार चालक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करून घेतात.

"पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतोच," असं तुम्ही ऐकलं असेल. ते अर्धवट खरं आहे. एसटीनं ब्रेक लावला की आपण सगळे पुढे झुकतो की नाही? गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, ते रस्त्यावर घट्ट दाबलं जातं, आणि म्हणून पुढच्याच ब्रेकची ताकद जास्त असते. मागचं चाक मात्र हलकं होतं आणि लवकर घसरतं. तेव्हा गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक वापरायचे, आणि पुढचा ब्रेक लिंबू पिळावं तसा हळूहळू दाबत न्यायचा. हिसका द्यायचा नाही. २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा असावी लागते. दादाच्या जुन्या गाडीला ती नव्हती. असती तरी कललेल्या गाडीवर ओल्या रस्त्यात ती जादू करत नाही.

पायरी दुसरी: नजर. "ब्रेक का दाबलास?" "कुत्रं उठून मध्ये येईल असं वाटलं." "म्हणजे बघत कुठे होतास?" "कुत्र्याकडेच."

सायकल शिकताना तुम्हालाही अनुभव आला असेल. एवढा मोठा रस्ता मोकळा, पण जो खड्डा चुकवायचा, सायकल नेमकी त्यातच जाते! कारण आपण त्या खड्ड्याकडे टक लावून बघत असतो. जिकडे नजर, तिकडे हात आणि तिकडेच गाडी. भीती वाटते त्याकडे एकदा बघून घ्यायचं, पण मग नजर उचलून जिथून जायचं त्या मोकळ्या वाटेवर ठेवायची. हे सोपं नाही. सरावानंच जमतं.

पायरी तिसरी: वेग. "किती वेगात होतास?" दादा थोडा घुटमळला. "पन्नास असेल."

आता थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर काहीतरी दिसणं, ते मेंदूला कळणं आणि हातापायानं ब्रेक दाबणं यात साधारण एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागायचा तो त्यानंतर! कोरडा चांगला रस्ता आणि चांगले ब्रेक धरून ढोबळ हिशेब असा येतो:

ताशी ३० कि.मी. : आधीचे ८ मीटर + ब्रेकचे ७ मीटर = १५ मीटर
ताशी ५० कि.मी. : आधीचे १४ मीटर + ब्रेकचे १९ मीटर = ३३ मीटर
ताशी ६० कि.मी. : आधीचे १७ मीटर + ब्रेकचे २८ मीटर = ४५ मीटर

बघा, वेग ३० वरून ६० म्हणजे दुप्पट झाला, पण ब्रेकचं अंतर चौपट झालं. ओल्या रस्त्यावर तर ब्रेकचं अंतर दुप्पटही होऊ शकतं. दादाला कुत्रं दिसलं तेव्हा ते साधारण ४० मीटरवर होतं. ताशी ५० वेगात, ओल्या रस्त्यावर थांबायला त्याला पन्नासहून जास्त मीटर लागले असते. तेवढी जागाच नव्हती, म्हणून तो घाबरला आणि ब्रेक करकचून दाबले गेले. आणि वेग ३० असता तर? आधीचे ८, ओल्या रस्त्यात ब्रेकचे १४, एकूण २२ मीटर. कुत्र्याच्या १८ मीटर अलीकडे तो आरामात थांबला असता! खरं तर थांबायचीही गरज नव्हती.

हे गणित वहीत उतरल्यावर दादा बराच वेळ त्याकडे बघत होता.

पायरी चौथी: रस्ता. पहिल्या पावसानं रस्ता धुऊन स्वच्छ होतो असं आपल्याला वाटतं. पण उन्हाळाभर गाड्यांमधून ठिबकलेलं तेल आणि धूळ डांबरावर साचलेली असते. पहिल्या सरीनं त्याचा निसरडा थर तयार होतो. चांगला जोराचा पाऊस झाला की तो वाहून जातो. त्याआधीचा काळ फसवा. रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, शेण, ट्रॅक्टरच्या चाकातून पडलेला चिखल, ही सगळी निसरडी ठिकाणं आधीच ओळखायची आणि त्यांवर वळायचं किंवा ब्रेक दाबायचा टाळायचं.

पायरी पाचवी: घराचा उंबरठा. ही सगळ्यात मागची पायरी. उशीर झाला होता म्हणून वेग. स्लिपर होती म्हणून पाय ब्रेकवर नीट बसेना. मागे बहीण होती म्हणून गाडी जड आणि तोल वेगळा. आणि मागे माणूस घेऊन गाडी चालवायचा सराव दादाला मुळीच नव्हता. शिकाऊ परवान्यावर तशी परवानगीही नसते. शिकताना मागे बसायचं ते फक्त परवाना असलेल्या, शिकवणाऱ्या माणसानं. म्हणजे त्या सकाळी दादा घराबाहेर पडला, तेव्हाच निम्मा अपघात गाडीवर बसला होता.

पाच पायऱ्या झाल्या. यात कुत्र्यानं काय केलं? ते बसलं होतं!

नऊशे अपघातांची तपासणी

दादानं एका अपघातासाठी जे केलं, तेच अमेरिकेत एका प्राध्यापकांनी ९०० अपघातांसाठी केलं होतं. त्यांचं नाव हॅरी हर्ट. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्यांच्या चमूनं लॉस एंजेलिस भागात मोटारसायकलचा अपघात झाल्याचं कळलं की प्रत्यक्ष जागेवर जायचं, खुणा मोजायच्या, तुटलेली हेल्मेटं तपासायची, असं ९०० वेळा केलं. त्यांचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात काय निघालं? अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच गाडी शिकलेले होते, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून. रीतसर प्रशिक्षण कोणी घेतलेलंच नव्हतं म्हणा ना! निम्म्याहून अधिक चालकांना त्या गाडीचा पाच महिन्यांचाही सराव नव्हता. धोका सुरू झाल्यापासून धडक बसेपर्यंत साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळत होता. आणि त्या वेळात बरेच जण फक्त मागचाच ब्रेक जोरात दाबत होते. जास्त ताकदीचा पुढचा ब्रेक तसाच राहत होता.

आणि गंमत ऐका. जनावर मध्ये आल्यामुळे झालेले अपघात किती? अवघे १ टक्का! अर्थात लॉस एंजेलिसचे रस्ते वेगळे आणि आपले वेगळे. आपल्याकडे गाई, म्हशी, कुत्री रस्त्यावर हक्कानं बसतात, तेव्हा तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण "कुत्रं" म्हणण्याआधी आपणही जरा मोजून बघावं, एवढं नक्की.

हर्ट यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी दोनतृतीयांश अपघातांत चूक त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. बऱ्याचदा त्याला मोटारसायकल दिसलीच नव्हती. म्हणजे प्रत्येक वेळी पडणाऱ्याचाच दोष असतो असं मुळीच नाही. पण दोष दुसऱ्याचा असला तरी हाड आपलंच मोडतं ना? म्हणून दिवसासुद्धा उठून दिसतील असे कपडे घालायचे, चौकात वेग कमी करायचा आणि "समोरच्यानं मला पाहिलंच नसेल" असं धरून चालायचं.

दुसऱ्याच्या पडण्यातून शिकलेला डॉक्टर

"लॉरेन्स ऑफ अरेबिया" या नावानं प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स हे ब्रिटिश अधिकारी मोटारसायकलचे मोठे शौकीन होते. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, आपल्या घराजवळच्या रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना त्यांची गाडी उलटली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी, १९ मे रोजी त्यांचं निधन झालं. वय होतं ४६.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. या मृत्यूनं ते अस्वस्थ झाले. त्यांनी मोटारसायकलवरून पडून डोक्याला इजा झालेल्यांचा अभ्यास सुरू केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. हेल्मेट घातलेल्यांच्या डोक्याच्या जखमा कमी गंभीर असतात असं त्यातून दिसत होतं. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात कामावर मोटारसायकल चालवणाऱ्या जवानांना हेल्मेट सक्तीचं झालं. एका माणसाचा प्राण गेला, पण एका डॉक्टरनं "मग हे झालं कसं?" असं विचारलं, म्हणून पुढे किती जणांचे प्राण वाचले असतील!

हेल्मेट काम कसं करतं माहीत आहे? बाहेरचं कडक कवच धक्का पसरवतं. आतला थर्मोकोलसारखा जाड थर चेपला जातो आणि डोकं एकदम थांबण्याऐवजी किंचित हळू थांबतं. झेल पकडताना आपण हात मागे घेतो ना, तसंच. पण एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही छान दिसलं तरी बदलायचं. आयएसआय खूण बघायची. हनुवटीखालचा पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधीच उडून जातं. आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच. चार वर्षांवरच्या प्रत्येकासाठी कायद्यानं ते बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे.

पडल्यावर लगेच

कोणी पडलं तर काय करायचं, हेही शिकून ठेवा.

पडलेल्यानं लगेच ताडकन उठू नये. आधी हात, पाय हलवून बघावेत. शक्य असेल तर रस्त्याच्या कडेला यावं, कारण मागून दुसरी गाडी येऊ शकते.

मानेला मार लागल्याची शंका असेल तर त्या माणसाला उगाच हलवू नका आणि त्याचं हेल्मेट ओढून काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या मोठ्या माणसाला बोलवायला सांगा.

खरचटलेलं असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवायचं. माती, कॉफी पावडर, पेट्रोल असलं काहीही लावायचं नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायचं.

डोकं आपटलं असेल आणि नंतर उलटी झाली, गुंगी आली, डोकं फार दुखू लागलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर "झोपला की बरं वाटेल" म्हणून थांबायचं नाही. लगेच दवाखाना.

मदत करणाऱ्यालाच पोलिसांचा त्रास होतो, ही भीती आता मनातून काढा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

पुन्हा गाडीवर

पडल्यावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही जण गाडीला हातच लावत नाहीत. काही जण "काही नाही झालं" म्हणून दुसऱ्या दिवशी तशीच उडवायला लागतात. दादानं तिसरी वाट धरली. हाड जुळून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी मेकॅनिककडून हँडल, ब्रेक आणि चाकं तपासून घेतली. मग शाळेच्या मैदानावर, सुट्टीच्या दिवशी, वडील आणि एक अनुभवी शेजारी सोबत घेऊन, हेल्मेट आणि बूट घालून त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. आधी ताशी २० च्या वेगात सरळ रेषेत दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत थांबायचं. टेपनं अंतर मोजायचं. वहीत लिहायचं. ते जमलं की विटा मांडून वळणं घ्यायची. वळणाआधी वेग कमी करायचा आणि नजर पुढच्या विटेवर ठेवायची.

टेपचं दुसरं टोक धरायला त्याची बहीण असायची. आकडा ती मोठ्यानं वाचायची आणि त्यात एक सेंटिमीटरचीही सूट द्यायची नाही. पुढे दादाला पक्का परवाना मिळाला. बहीण मात्र त्याच्या मागे बसायला तयार झाली नाही. ती पायी शाळेत यायची. दादानंही तिला आग्रह केला नाही. "तिला वाटेल तेव्हा बसेल," एवढंच म्हणाला. मला वाटतं, पडण्यातून तो खरोखर काही शिकला याची ही खूण होती. मोडलेलं हाड काही आठवड्यांत जुळतं. मोडलेला विश्वास जुळायला वेळ लागतो, आणि तो वेळ समोरच्याला द्यावा लागतो.

आता दोन शब्द पालकांशी

मूल पडून घरी आलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? "गाडीचं काय झालं?" की "तुला कुठे लागलं?" पहिला प्रश्न ऐकला की मूल कुत्र्याच्या मागे लपतं. मार बसेल, गाडीची किल्ली जाईल या भीतीनं ते कारण बाहेर शोधतं, आणि एकदा सांगितलेलं कारण त्यालाही खरं वाटू लागतं. मग शिकणं तिथंच थांबतं. आधी जखम बघा. दोन दिवस जाऊ द्या. मग वही घेऊन शेजारी बसा. त्या दादाच्या वडिलांनी टेपचं टोक धरलं आणि एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हणून तर ती पाचवी पायरी वहीत उतरली.

दुसरी गोष्ट कायद्याची. आपल्याकडे मोटारसायकल चालवायला १८ वर्षं पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षीची मुभा फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीला आहे, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर त्याहून कितीतरी मोठ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. "कोपऱ्यावरच्या दुकानात तर जातोय" म्हणून किल्ली देताना एवढं आठवावं.

तुमची घसरण-वही

मुलांनो, आता तुमचं काम. आधी एक प्रयोग. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तुम्ही तिच्या खालच्या टोकाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवून तयार राहा. त्यानं न सांगता पट्टी सोडायची, तुम्ही पकडायची. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला साधारण एकपंचमांश सेकंद लागला. सगळं लक्ष पट्टीकडे, बोटं तयार, तरी एवढा वेळ गेला! मग रस्त्यावर, मनात दुसराच विचार चालू असताना किती जाईल? आता तोच प्रयोग कोणाशी तरी गप्पा मारता मारता करून बघा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल.

आणि एक छोटी वही करा. सायकलवरून पडलात, घसरलात किंवा थोडक्यात वाचलात, की त्याच दिवशी त्यात पाच उत्तरं लिहा. पडायच्या आधी मी काय केलं? माझी नजर कुठे होती? वेग किती होता? रस्ता कसा होता? घरातून निघताना मी घाईत होतो का, ब्रेक तपासले होते का? शेवटी एक ओळ: उद्या यातलं कोणतं एक मी बदलणार?

कुत्र्यासाठीही एक ओळ ठेवायला हरकत नाही. फक्त ते आडवं आलं होतं की बसलं होतं, तेवढं नीट आठवून लिहा बरं का!